पॅनेल बसलं, पण बिल का नाही उतरलं? : स्थानिक संस्थांचे ऊर्जाप्रकल्प

मीटरवाचक (धागाकर्ता)

नगरपालिका, ग्रामपंचायती, सहकारी संस्था यांच्या ऊर्जाप्रकल्पांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती किलोवॅटचं बसवलं? वर्षभराने बिल किती उतरलं, असं विचारणारा क्वचितच भेटतो. म्हणून हा धागा.

माझं काम ऊर्जा लेखापरीक्षणाचं. कुठल्याही संस्थेत गेलो की छत बघायला जिना चढत नाही. आधी सगळ्या जोडण्यांची मागच्या तीन वर्षांची वीजबिलं मागतो. ती एका ठिकाणी कधीच नसतात. पाणीपुरवठ्याची वेगळ्या टेबलावर, पथदिव्यांची वेगळ्या, शाळांची तिसरीकडे. गोळा करता करता निम्मं लेखापरीक्षण होऊन जातं. पाडून टाकलेल्या इमारतीची जोडणी जिवंत असते आणि तिचा स्थिर आकार दरमहा निमूट भरला जात असतो. पथदिव्यांचं मीटर कधीचं बंद, बिल सरासरीवर. मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार, हे वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेलं) प्रत्यक्ष गरजेच्या दुप्पट. कपॅसिटर जळालेला, त्यामुळे पॉवर फॅक्टरचा (ओढलेल्या विजेपैकी किती खऱ्या कामाला येते, त्या प्रमाणाचा) दंड. यातलं काहीही दुरुस्त करायला सूर्य लागत नाही, वारा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक अर्ज आणि पाठपुरावा पुरतो.

त्यानंतर पंप, मग दिवे, मग इमारती. सौर सगळ्यात शेवटी. क्रम असा का, तर आधी वापर कमी केला की सौर संयंत्रही लहान लागतं. उलट्या क्रमाने गेलात तर गळक्या व्यवस्थेला पुरेल एवढं संयंत्र विकत घ्यावं लागतं.

पण खरं अडतं ते तंत्रात नाही. वाचलेल्या पैशाला मालक नसतो, तिथे अडतं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने खटपट करून वीज वाचवली, तर पुढच्या वर्षी त्याच्या विजेच्या तरतुदीतून तेवढी रक्कम कापली जाते. त्याला मिळतं काय? पंप बंद पडला की बोलणी मात्र त्यालाच. मग तो कशाला हात लावेल?

याला जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने १९९५ साली एक साधं उत्तर काढलं. शहराच्याच ऊर्जा विभागाकडे एक निधी दिला. शाळा, रुग्णालय, पोहण्याचा तलाव, ज्याला काही सुधारणा करायची असेल त्याला या निधीतून पैसे मिळतात. सुधारणेमुळे बिलात जी बचत होते ती त्या विभागाच्या तरतुदीतून निधीत परत येते, गुंतवणूक फिटेपर्यंत. परत आलेल्या पैशातून पुढचं काम. बाहेरची कंपनी नाही, तिचा नफा नाही. याला ते 'इंट्रॅक्टिंग' म्हणतात. असं फिरतं खातं नसेल, तर कितीही चांगलं यंत्र आणा, ते एकदाच बसतं आणि तिथेच संपतं, असं माझं मत.

इथे लेखा विभागात काम केलेले, पंप चालवलेले, सहकारी प्रकल्पात पैसे घातलेले लोक आहेत. लिहा.

टवाळ

जोडणी बंद करायच्या अर्जाला फीत कापता येत नाही हो. तुमची योजना तिथेच बारगळली.

पाणचक्की

उत्तम धागा. पंपांवर थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक स्थानिक संस्थांच्या बिलात पाणी उपसा आणि पथदिवे हेच दोन मोठे वाटेकरी असतात.

कुठल्याही पंपगृहाची तब्येत एका आकड्यात कळते : हजार लिटर पाण्याला किती युनिट? भौतिकशास्त्र सांगतं की हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला कमीत कमी ०.२७ युनिट लागतात. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.४५. तुमचा आकडा ०.८ येत असेल तर समजा, पंखा झिजलाय, व्हॉल्व्ह अर्धवट आवळून पंप चालवला जातोय किंवा मुळात निवडच चुकीची झालीय. पण हा आकडा काढायला पाण्याचं मीटर लागतं आणि ते बहुतेक ठिकाणी नसतं, किंवा असतं आणि काटा हलत नसतो. म्हणून माझ्या यादीत पहिली खरेदी प्रवाहमापक.

आता व्हीएफडीबद्दल, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणाबद्दल. विक्रेते सांगतात, पंपाचा वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे खरं आहे, पण फक्त जिथे पंपाची ताकद मुख्यतः पाइपमधल्या घर्षणाशी झगडण्यात जाते तिथे. बहुतेक पाणीयोजनांमध्ये पाणी उंच टाकीत चढवायचं असतं. उंची वेगाप्रमाणे कमी होत नाही. वेग फार उतरवलात तर पंप नुसता घुसळत राहतो, वर थेंब जात नाही. अशा ठिकाणी योग्य मापाचा नवा पंप व्हीएफडीपेक्षा कितीतरी जास्त वाचवतो. 'सर्व पंपगृहांना व्हीएफडी बसवणे' असा ठराव दिसला की समजायचं, मोजलं कुणीच नाही.

आणि गळती! गळलेल्या प्रत्येक लिटरमध्ये तो चढवायला जाळलेली वीज असते. ३० टक्के पाणी वाटेत जात असेल तर ३० टक्के वीजही गेलीच की. गळती शोधणं हा ऊर्जाप्रकल्पच आहे, फक्त त्या नावाखाली त्याला निधी मिळत नाही.

चष्मिष्ट

@पाणचक्की, दिवसा पंप चालवून टाकी भरून घेतली तर सौरऊर्जेची साठवण फुकटात होते ना?

पाणचक्की

हो, टाकी हीच बॅटरी. फक्त टाकीची क्षमता पुरेशी हवी, आणि जलवाहिनी तेवढ्या तासांत तेवढं पाणी वाहून नेणारी हवी. उपशाची वेळ रात्रीवरून दुपारवर आणली की सौर विजेचा मोठा भाग जागच्या जागी वापरला जातो, नेट मीटरिंगच्या (जाळ्यात दिलेली जादा वीज बिलातून वजा करण्याच्या) नियमांवर भिस्त ठेवावी लागत नाही. पथदिव्यांचं नेमकं उलटं. भार सगळा रात्रीचा, वीज तयार होते दिवसा. त्यामुळे 'पथदिवे सौरवर' म्हणजे प्रत्यक्षात एकतर बॅटरी किंवा हिशेबाची अदलाबदल.

हिशेबनीस

लेखा विभागातून निवृत्त झालो. मीटरवाचक यांचं निदान बरोबर आहे, पण औषध वाटतं तितकं सोपं नाही.

लेखापरीक्षकाची बाजू समजून घ्या. बचत म्हणजे न आलेलं बिल. न आलेल्या बिलाची पावती कुठून आणायची? आलेल्या बिलावर मी सही करू शकतो. 'प्रकल्प झाला नसता तर बिल इतकं आलं असतं' हा अंदाज आहे, आणि अंदाजावर पैसे एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात वळवले की आक्षेप आलाच. शिवाय पंप बदलणं हा भांडवली खर्च, वीजबिल महसुली. भांडवली खर्चाची परतफेड महसुली बचतीतून करायची तर तसा ठराव, तशी नियमावली आणि वेगळं खातं आधी हवं. नंतर ओढूनताणून बसवता येत नाही.

म्हणूनच संस्था बाहेरच्या कंपनीकडे वळतात. 'तुम्ही पैसे घाला, बचतीतला वाटा घ्या.' कागदावर सुरेख. प्रत्यक्षात दोन जागी मोडतं. एक, मूळ वापर किती होता यावर भांडण. दोन, बचत झाली तरी संस्था कंपनीचे पैसे वेळेवर देत नाही, कारण त्या महिन्यात पगार करायचे असतात. शहाणी कंपनी मग बचतीचा वाटा आधीच तिजोरीत न येता वेगळ्या खात्यात जमा होईल अशी अट घालते. तशी अट नसेल तर ती दरच एवढा लावते की संस्थेच्या पदरात काही उरत नाही.

मीटरवाचक

@हिशेबनीस, काका, 'न आलेल्या बिलाची पावती' याच्यावर उपाय आहे आणि तो लेखापरीक्षकांनाही मान्य होऊ शकतो. मूळ वापर कसा ठरवायचा आणि तो कुठल्या कारणांनी बदलायचा, हे काम सुरू होण्याआधी दोघांच्या सहीने लिहून ठेवायचं. बचत मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत चार पर्याय आहेत : बदललेल्या यंत्राचा एखादाच घटक मोजून, तेच यंत्र पूर्ण मोजून, संपूर्ण इमारतीच्या बिलावरून, आणि संगणकीय प्रारूपावरून. छोट्या संस्थेने पहिल्या तिनांतलाच निवडावा. प्रारूप आलं की सल्लागार आला, आणि सल्लागाराचं बिल बचतीतूनच जाणार.

मूळ वापराच्या भांडणाचं एक नेहमीचं उदाहरण देतो. एका संस्थेत (नाव नको) जुन्या सोडियम दिव्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा बंदच होते. एलईडी लावल्यावर सगळे पेटले. बिल उतरलं, पण ठरलं होतं तितकं नाही. कंपनी म्हणते, सगळे दिवे पेटलेले धरून तुलना करा. संस्था म्हणते, आम्ही बिल भरत होतो ते पेटलेल्यांचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण करारात बंद दिव्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. आधीच्या रात्री फेरी मारून बंद दिव्यांची यादी केली असती तर हा वाद उद्भवलाच नसता.

चष्मिष्ट

दिव्यांवरून आठवलं. एलईडी म्हणजे डोळे मिटून फायदा असं नाही, किंबहुना काही ठिकाणी डोळे मिटावेच लागले. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात २०१४ मध्ये लोकांनी नव्या पांढऱ्याफेक दिव्यांबद्दल एवढ्या तक्रारी केल्या की शहराने शेकडो दिवे पुन्हा बदलून उबदार रंगाचे लावले. दोनदा खर्च! निविदेत वॅट आणि ल्युमेन (प्रकाश किती) असतात, रंगतापमान (प्रकाश पांढराफेक की पिवळसर) आणि चकाकी यांचं नाव नसतं. घराच्या खिडकीत प्रकाश शिरतो का, हे तर विचारतच नाहीत.

लॉस एंजेलिसने काम नेटाने केलं. २००९ पासून चारेक वर्षांत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास दिवे बदलले, पथदिव्यांची वीज ६० टक्क्यांहून जास्त घटली. कामासाठी कर्ज काढलं होतं आणि ते वीज व देखभाल दोन्हींच्या बचतीतून फेडलं. देखभाल हा भाग लोक विसरतात. शिडीची गाडी, माणसं, जळालेला दिवा, हे सगळं कमी झालं की त्याचाही पैसा वाचतो.

उंबरठा

सगळी चर्चा पालिकेच्या इमारतीभोवती फिरतेय. 'सामुदायिक' या शब्दाचं काय? लोक नुसते ग्राहक राहिले तर प्रकल्प कर्मचाऱ्यांचा होतो, बदली झाली की संपतो.

माझं आवडतं उदाहरण जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातलं शोनाउ गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर काही पालक एकत्र आले. त्यांनी पहिल्याच दिवशी पवनचक्की उभारली नाही, वीज वाचवण्याच्या स्पर्धा घेतल्या. वीज कंपनीला लोकांनी कमी वीज वापरण्यात रस नव्हता, हे कळल्यावर त्यांनी वीजजाळंच विकत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी गावात दोनदा जनमत घ्यावं लागलं, १९९१ ला आणि १९९६ ला. जाळ्याची किंमत एवढी सांगण्यात आली की देशभर देणगीची मोहीम चालवावी लागली. १९९७ मध्ये जाळं गावकऱ्यांच्या संस्थेकडे आलं. दहा-अकरा वर्षं! पुढे त्यातल्या उर्सुला स्लाडेक यांना पर्यावरणकार्यासाठीचा २०११ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

मीटरवाचक, तुमच्या क्रमाशी हे जुळतं बघा. आधी बचत, मग मालकी, मग निर्मिती.

तिरपा_डोळा

युरोपातली गोंडस गावं पुरे झाली. तिथे बँक कर्ज देते, न्यायालय वेळेत निकाल देतं. बिहारमधल्या धरनईचं काय झालं ते सांगा ना. २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने १०० किलोवॅटचं सौर सूक्ष्मजाळं (गावापुरतं वीजजाळं) उभारलं, जगभर बातम्या. थोड्याच काळात सरकारी वीज आली, ती स्वस्त होती आणि तिच्यावर फ्रीज चालत होता. सौर जाळ्यावर जास्त वीज खाणारी उपकरणं लावायची नाहीत असं लोकांना सांगितलेलं. लोकांनी काय निवडलं असेल? काही वर्षांत प्रकल्प बंद पडला. बाहेरून आणून लादलेल्या गोष्टीचं हेच होतं. सामुदायिक म्हणा नाहीतर आणखी काही.

उंबरठा

@तिरपा_डोळा, धरनईचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. तिथे चूक सौरऊर्जेची नव्हती. मोठं जाळं आलं तर काय करायचं, याची तरतूद मुळातच हवी होती. मोठ्या जाळ्याला वीज विकता आली असती, तर तेच संयंत्र उत्पन्नाचं साधन झालं असतं.

आणि युरोपातली गावं नको असतील तर तमिळनाडूतली ओदनथुराई पंचायत घ्या. २००६ मध्ये त्या पंचायतीने स्वतःच्या नावावर ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली, बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून. गावाच्या गरजेपेक्षा जास्त झालेली वीज राज्याच्या वीज मंडळाला विकली. त्याच्या आधी पाण्याच्या पंपांसाठी बायोमास गॅसिफायर (लाकूडफाटा, काडीकचरा यांपासून गॅस करणारं यंत्र) करून बघितला होता. म्हणजे अंदाज घेत घेत गेले. बँकेने पंचायतीला कर्ज दिलं, हे विशेष.

तिरपा_डोळा

अशी पंचायत हजारांत एक. नियम अपवादावर बनत नाहीत.

टवाळ

हजारांत एकीला जमलं याचा अर्थ कायदा आड येत नाही. बाकी ९९९ जणींना काय आड येतं तेवढं शोधा. धागा त्यासाठीच आहे म्हणे.

वीजतंत्री

मी छोट्या बेटांवरच्या जाळ्यांचा अभ्यास केलाय, म्हणून एका गोष्टीची भर. स्कॉटलंडजवळ एग नावाचं बेट आहे, वस्ती शंभराच्या आसपास. मुख्य भूमीच्या जाळ्याशी जोडलेलं नाही. १९९७ मध्ये रहिवाशांच्या न्यासाने बेटच विकत घेतलं, आणि २००८ मध्ये जलविद्युत, पवन आणि सौर मिळून स्वतःचं जाळं सुरू केलं. पण नियम केला : घराला एका वेळी ५ किलोवॅट, व्यवसायाला १०. त्यापुढे गेलात की जोडणी आपोआप तुटते.

हा नियम लोकांनी स्वतःच मान्य केला, हे लक्षात घ्या. धरनईत बंधन उपकरणांवर होतं : हे लावायचं नाही, ते लावायचं नाही. एगमध्ये बंधन एका क्षणाच्या भारावर आहे. किटली आणि धुलाई यंत्र एकदम लावू नका, पाठोपाठ लावा, एवढंच. ५ किलोवॅटमध्ये घर व्यवस्थित चालतं. अशाने संयंत्र फार मोठं बांधावं लागत नाही. छोट्या जाळ्याचा खर्च ठरतो तो सगळ्यात जास्त भाराच्या क्षणाने, महिन्याच्या युनिटांनी नव्हे. मंजूर भाराबद्दल मीटरवाचक यांनी लिहिलंय, तेच तत्त्व.

हिशेबनीस

मालकीबद्दल एक इशारा. पालिकेने ऊर्जेच्या क्षेत्रात उतरणं आणि ऊर्जेचा व्यापार करणं यात फरक आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम नगर परिषदेने २०१५ मध्ये स्वतःची वीज-गॅस पुरवठा कंपनी काढली, हेतू गरिबांना स्वस्त ऊर्जा देण्याचा. २०२० मध्ये ती गुंडाळावी लागली, करदात्यांचे कोट्यवधी पौंड बुडाले. घाऊक बाजारात विजेचे भाव वरखाली होतात, ती जोखीम पेलायला व्यापारी लागतो. नगर परिषदेचं ते काम नाही. हेतू चांगला होता यावर लेखापरीक्षक गुण देत नाहीत.

याउलट स्वतःच्या सांडपाणी केंद्रात गॅस करून तो तिथेच जाळणं यात बाजाराची जोखीम फारशी नाही. कॅलिफोर्नियातल्या ईस्ट बे भागाच्या पाणी आणि सांडपाणी संस्थेने मैल्यासोबत खाद्यकचराही टाक्यांमध्ये कुजवायला घेतला, आणि २०१२ पर्यंत त्यांचं केंद्र स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज तयार करू लागलं.

उंबरठा

सहमत, पण पालिका आणि लोक भागीदार होऊ शकतात. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ मिडलग्रुंडेनला २० पवनचक्क्या आहेत, मिळून ४० मेगावॅट. निम्म्या शहराच्या वीज संस्थेच्या, निम्म्या साडेआठ हजारांच्या वर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या. डेन्मार्कच्याच सामसो बेटावर तर समुद्रातल्या १० पैकी ५ चक्क्या पालिकेनेच घेतल्या. आणि हे मीटरवाचकांसाठी : डेन्मार्कच्या कायद्याप्रमाणे पालिकेला वीजनिर्मितीतून नफा कमवता येत नाही, त्यामुळे तिथलं उत्पन्न पुन्हा ऊर्जेच्याच कामांत घातलं जातं. म्हणजे तुमचं फिरतं खातं, कायद्याच्या जोरावर.

मीटरवाचक

@उंबरठा, हे उत्तम सांगितलंत. इच्छेवर सोडलं की दुसऱ्याच वर्षी कुणीतरी त्या पैशातून कमान उभारतो.

सोनचिखल

धागा वाचतेय, मस्त चाललाय. एक प्रश्न : पालिका स्वतःच्या इमारतींचं करेल, पण गावाच्या एकूण वापरात तिचा वाटा थोडासाच. घरांचं काय? भाडेकरू बिल भरतो, सुधारणा घरमालकाने करायची. मालक कशाला करेल?

वीजतंत्री

@सोनचिखल, जगभर अडलेला प्रश्न. कॅलिफोर्नियात बर्कलीने २००८ मध्ये एक वाट काढली : सौर संयंत्राचा खर्च शहर करणार, घरमालक तो मालमत्ता करातून वीस वर्षांत फेडणार. घर विकलं तर उरलेली फेड नव्या मालकाकडे जाते, कारण कर घराला चिकटलेला असतो. कल्पना इतर ठिकाणीही वेगाने उचलली गेली. पण २०१० मध्ये गृहकर्जांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या संस्थेने हरकत घेतली. कर थकला तर वसुलीत कराचा हक्क पहिला, बँकेचा नंतर, हे त्यांना चालेना. घरांसाठीच्या बऱ्याच योजना तिथेच थांबल्या. तंत्र ठीक, पैसा ठीक, पण पहिला हक्क कुणाचा यावर गाडं अडलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बॅबिलॉन नगराने त्याच वर्षी, २००८ मध्ये, जे केलं ते वाचून हसू येतं. त्यांच्याकडे घनकचऱ्याचा निधी पडून होता, घरांच्या ऊष्मारोधनासाठी नव्हता. त्यांनी घनकचऱ्याच्या व्याख्येत कार्बन घातला. झालं, निधी वापरायला मोकळा. घरातल्या फटी बुजवायला कर्ज, आणि फेड वीज-इंधनाच्या बचतीतून.

टवाळ

हिशेबनीसकाका, श्वास घ्या. 😀

हिशेबनीस

घेतला. व्याख्या ठरावाने रीतसर बदलली असेल तर आक्षेप घेता येणार नाही. कल्पक माणूस होता कुणीतरी.

नवा_सदस्य

नमस्कार. मी नुकताच एका छोट्या स्थानिक संस्थेवर निवडून आलोय, निधी जवळजवळ शून्य. वरचं सगळं वाचलं. पण सोमवारी सकाळी नेमकं काय करू? आणि एक देणगीदार पंपगृहाच्या छतावर २० किलोवॅट सौर संयंत्र फुकट बसवून द्यायला तयार आहेत. घ्यावं की नको?

पाणचक्की

अभिनंदन! पंपगृहाचं मागच्या बारा महिन्यांचं बिल आणि रोज किती तास कोणता पंप चालतो याची वही मागा. वही नसेल तर उद्यापासून सुरू करा. प्रवाहमापक भाड्यानेही मिळतात, पाइपला बाहेरून चिकटवायचे. दोन दिवसांत हजार लिटरचा आकडा हातात येईल.

मीटरवाचक

आणि पहिल्याच सभेत एक ठराव : विजेच्या जोडण्यांच्या दुरुस्तीतून जे वाचेल ते 'ऊर्जा बचत निधी' नावाने वेगळं ठेवलं जाईल. रक्कम कितीही लहान असो. निरुपयोगी जोडण्या बंद करणं, मंजूर भार कमी करून घेणं, कपॅसिटर बदलणं, एवढ्यातून पहिलं भांडवल उभं राहतं. भार कमी करण्याआधी उन्हाळ्यातला सगळ्यात जास्त मागणीचा महिना मात्र बघून घ्या, नाहीतर जादा मागणीचा दंड बसेल.

२० किलोवॅटबद्दल : चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एका किलोवॅटमागे वर्षाला १५०० युनिटांच्या आसपास धरा, म्हणजे ३०,००० युनिट. छतावर साधारण २०० चौरस मीटर सावलीविना जागा लागेल. पंपगृहाची छतं एवढी मोठी क्वचित असतात, मोजून घ्या.

हिशेबनीस

फुकट घ्या, पण फुकट समजू नका. संयंत्र संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा. विमा कोण भरणार ते लिहून घ्या. पॅनेल २५ वर्षं चालतील, इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागेल, आणि तेव्हा तुम्ही सदस्य नसाल, देणगीदारही कदाचित नसतील. पॅनेल धुवायचं पाणी आणि माणूस कुणाच्या खर्चाने, तेही. देणगीदारांना विचारा, १८ किलोवॅट बसवून उरलेल्या रकमेची इन्व्हर्टरसाठी मुदत ठेव करता का.

तिरपा_डोळा

बिघाड झाल्यावर फोन कुणाला करायचा, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. बसवणारी कंपनी तोवर नाव बदललेली असेल, म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी नंबरही.

वीजतंत्री

@तिरपा_डोळा, पहिल्यांदाच पूर्ण सहमत. भर एवढीच की संयंत्राचं उत्पादन-मीटर कार्यालयात, नजरेसमोर दिसेल असं लावा. इन्व्हर्टर बंद पडला तरी गावात अंधार होत नाही, वीज जाळ्यातून येत राहते. त्यामुळे संयंत्र बंद असल्याचं बिल येईपर्यंत कुणाला कळतच नाही.

नवा_सदस्य

सगळ्यांचे आभार. जोडण्यांची यादी मागवली आहे, वही आजपासून सुरू. देणगीदारांशी बोललो. छत मोजल्यावर १२ किलोवॅटच बसेल असं दिसतंय. उरलेल्या पैशातून इन्व्हर्टरसाठी ठेव आणि एक प्रवाहमापक द्यायला ते तयार झाले. अट एकच, नावाचा फलक छतावर आणि मोठा हवा.

टवाळ

द्या की मोठा. फक्त पॅनेलच्या कुठल्या बाजूला लावताय ते आधी बघा, नाहीतर देणगीदारांच्या नावाचीच सावली पडायची.

पाणचक्की

विनोद बाजूला ठेवा, हा मुद्दा खरा आहे. उत्तर गोलार्धात असाल तर फलक पॅनेलच्या उत्तरेला. साध्या जोडणीत एका पॅनेलवर सावली आली तरी त्या सगळ्या रांगेचं उत्पादन घसरतं.